रेघेची जाडी

खांदेश्वर, ४ ऑगस्ट

पंढरी,

वर आशीर्वाद लिहिणार होते. पण मागितला नसताना दिलेला आशीर्वाद घ्यायचा की नाही हा घोळ तुला नको, म्हणून नुसतं नाव लिहिलं. मी तुझी बाय. अक्षरावरून बहीण ओळखली असशीलच. शाळेत तुझ्या वह्यांना कव्हरं घालून नाव टाकायचं काम माझंच होतं.

काम आहे म्हणून लिहितेय, म्हातारपणी हळवी झाले असं समजू नकोस. वाघळीपाड्यात आज घरं किती आहेत ते मला हवंय. तुझ्या सासुरवाडीत जाऊन राहिलास त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हा तुला तोंडपाठ असणार. भाड्याने दिलेल्या खोल्या धरू नकोस, चूल वेगळी असेल तेवढीच घरं मोज.

कशाला हवीत ते सांगते. जनगणना झाली की विधानसभेचे मतदारसंघ नव्याने आखणार असं सगळे म्हणतायत. कधी, कसे, ते सरकार जाणे. पण बेलापूरला आम्ही दहा-बारा रिटायर्ड माणसं दर शनिवारी जमतो. त्यांचं म्हणणं असं की सरकारी नकाशा आला की हरकत घ्यायला लोकांना मोजके दिवस मिळतात, तेवढ्यात काय डोंबल करणार? लग्नाची वरात निघून गेली आणि घोडं मागून आलं, असं व्हायचं. त्यापेक्षा नागरिकांनी आपला नकाशा आधीच काढून ठेवावा, लोकांच्या हरकती घ्याव्यात, आणि वेळ आली की पुढे करावा. आमचे शहाजी मास्तर, मूळचे साताऱ्याचे, ह्या सगळ्याचे कर्तेधर्ते. त्यांना कुणीतरी सांगितलं की मुक्ताबाईंनी बत्तीस वर्षं ट्रेसर म्हणून नकाशे गिरवलेत. झालं, खाडीच्या दोन्ही काठांचा पट्टा माझ्या गळ्यात पडला.

आता तू म्हणशील, हिला अजून रेघा मारायची हौस फिटली नाही का. नाही फिटली. आणि पुन्हा एकदा सांगते, गावठाणाची ती रेघ सर्वेवाल्याने काढली होती. मी फक्त पेन्सिलीवर शाई फिरवली. तेव्हाही हेच सांगितलं होतं.

घरं मोजून कळव. सोबत माझा पत्ता लिहिलेलं पाकीट आहे, तिकीटसुद्धा लावलंय.

मुक्ता


खांदेश्वर, ३० ऑगस्ट

पंढरी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे वाचलंस किंवा फाडलंस. फाडलं असशील तर हे दुसरं आहे, तेही फाड.

नकाशाचं काम जोरात आहे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलाय तो महिनाभर तसाच आहे, त्यामुळे मी ओट्याशी उभी राहून जेवते. सहा खुर्च्यांचं टेबल ह्यांनी हौसेने घेतलं होतं. सहा माणसं त्यावर एकदाही बसली नाहीत. आम्ही दोघं बसायचो, मग हे गेले आणि मी एकटी. तुला तेव्हा निरोप धाडला होता. तू आला नाहीस ह्याचा राग आहे, तो असू दे.

तुला वाटेल मतदारसंघ आखणं म्हणजे पोराने पाटीवर गोल काढणं. तसं नाही रे. प्रत्येक मतदारसंघात माणसं साधारण सारखी हवीत. जमीन सलग हवी, मध्येच तुटून चालत नाही. गाव शक्यतो अर्धं कापायचं नाही. नदी, डोंगर, खाडी ह्यांचा मान राखायचा. एका गल्लीची माणसं कमी पडली म्हणून इकडची वाडी ओढावी, तर पलीकडचा हिशोब कोलमडतो. आखूड पांघरुणासारखं, डोक्यावर घेतलं की पाय उघडे. मी रोज दहा वेळा खोडते. मला त्याचा कंटाळा येत नाही, कारण खोडरबर ठेवून खिडकीशी गेले की समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसतात, आणि त्यातल्या कुणाचंच नाव मला माहीत नाही.

सध्या तू उरणात येतोस, आपलं कोंडाळे गाव पनवेलात. मध्ये खाडी. माझ्या नकाशात कोंडाळ्याच्या बाजूला माणसं थोडी कमी पडत होती. मी वाघळीपाडा आणि त्याच्या लगतची तीन गावं इकडे घेतली, तर आकडा छान बसला. शिवाय दोन्हीकडची माणसं एकच, आगरी, मिठागरावरची. बोली एक, सोयरिकी एक, गावदेवीची जत्रासुद्धा एकाच आठवड्यात. नियमात बसतं. मी दोनदा तपासलं.

घरांचा आकडा मात्र हवाच. जुन्या जनगणनेवर माझा विश्वास नाही.

मुक्ता


खांदेश्वर, २७ सप्टेंबर

पंढरी,

आज शहाजी मास्तर घरी आले होते. ह्यांच्या तेराव्यानंतर माझ्याकडे चहाला आलेला हा पहिला माणूस. कपबशा शोधाव्या लागल्या.

ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ नकाशा बघत बसले. मग खाडीच्या पलीकडे बोट ठेवून म्हणाले, “बाई, समदं झ्याक झालंय. पर ह्ये शेपूट कशापायी?”

मी म्हटलं, “शेपूट कसलं? तिकडची माणसं आणि इकडची माणसं एकच आहेत.”

“व्हय, पर खाडी हाय की मधी. ह्या चार गावांबिगर बी आकडा जुळतोय, म्या मांडून बघितला. उत्तरंची दोन गावं घ्या की.”

“ती गावं वेगळी आहेत मास्तर.”

ते माझ्याकडे बघून हसले. “ऱ्हाऊ दे. लोकं हरकती घेतीलच.”

आकडा उत्तरेकडूनही जुळतो, हे मला ठाऊक होतं. तुला मात्र मागच्या पत्रात तसं सांगितलं नाही.

आता एक गंमत ऐक. बैठकीत मीच म्हटलं होतं की नकाशा काढणाऱ्याकडून आधी लिहून घ्या, ‘ह्या हद्दीत माझे नातलग आहेत / नाहीत’. आणि हरकतीच्या फॉर्मवरही रकाना ठेवा, ‘नकाशा काढणाऱ्याशी नाते असल्यास’. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई काटेकोर, बाई सरळ, बाईंची रेघ कधी वाकडी जात नाही. बत्तीस वर्षं मी हेच ऐकून पोट भरलं. आणि माझा स्वतःचा फॉर्म आला तेव्हा मी ‘आहेत’ खोडलं आणि खाली सही केली.

काय करणार होते? ‘आहेत’ ठेवलं असतं तर वाघळीपाड्याचा तुकडा त्यांनी दुसऱ्या कुणाकडे दिला असता. आणि कोण नातलग, असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? भाऊ आहे, पण अठ्ठावीस वर्षांत बोललेला नाही?

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगते. मला घरांचा आकडा नकोय. म्हणजे हवाय, पण त्याच्यावाचून अडलेलं नाही. मला एवढंच वाटत होतं की मतदानाच्या यादीत तरी तू नि आपलं गाव एका ठिकाणी यावं. एकाच आमदाराला शिव्या घालू. बाकी काही एकत्र करण्याजोगं माझ्या हातात उरलेलं नाही.

नकाशा पुढच्या आठवड्यात सगळ्या गावांत लागेल. तुमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही. खाली माझं नाव असेल.

बाय


खांदेश्वर, भाऊबीज

पंढरी,

आमच्या सोसायटीतल्या एका बाईने आज मला गच्चीवर बोलावलं. तिला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. म्हणाली, “काकू, तुम्ही पण या, तुमचं पण कोणी येत नाही ना.” मी सांगितलं, मला भाऊ आहे, मी चंद्राला ओवाळत नाही. ती बिचारी ओशाळली. मी दार लावून घेतलं आणि तबक तसंच कपाटात ठेवलं.

एवढं ठणकावून सांगितल्यावर आता खरंही लिहायला हवं. इतकी वर्षं जे लपवलं ते आज लिहिते. मग तू पाकीट फोडतोस की नाही ते तू बघ.

तू माझ्या ऑफिसात आला होतास तो दिवस आठव. हातात डबा होता, तुझ्या बायकोने, हिराने, केलेलं जिताड्याचं कालवण. टेबलाशी वाकून तू हळूच म्हणालास, “बाय, ती रेघ यवरीशी भायेर ढकल ना. तुजेच हातान हाय.” मी म्हटलं, “माझ्या हातात काही नाही. सर्वेवाल्याने काढलं ते मी गिरवते.” कालवण खाल्लं, डबा धुऊन तुला परत दिला. तो घेऊन तू गेलास.

पंढरी, ती रेघ बाहेर ढकलायची गरजच नव्हती. सर्वेवाल्याची पेन्सिलीची रेघ तुझ्या मागच्या भिंतीच्या बाहेरून गेली होती, भिंतीला अगदी चाटून. घर गावठाणाच्या आत होतं.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. शाई तिच्या बरोबर मधून न्यायची, ह्या कडेने नाही, त्या कडेने नाही. आणि रेघ एखाद्या घराला टेकत असेल तर तिथे खूण करून कागद सर्वेवाल्याकडे परत पाठवायचा. हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला होता, “घरतबाईंचा भाऊ डबा घेऊन आलेला. आता बघा, रेघ कशी नाचते ती.” सगळे हसले. मीही हसले. दुपारी पेन हातात घेतलं तर वाटलं, सगळं ऑफिस माझ्या मनगटाकडे बघतंय. प्रकल्पग्रस्त म्हणून मिळालेली नोकरी, गावातली नोकरी करणारी पहिली मुलगी. उद्या घर आत राहिलं तर म्हणतील, बहिणीने वाचवलं.

मी शाई आतल्या कडेच्याही आतून नेली. नकाशावर अर्धा मिलिमीटर, जमिनीवर एक वीत. तुझी मागची भिंत तेवढीच जाड होती, ती रेघेबाहेर गेली. भिंत बाहेर म्हणजे घर बाहेर, अनधिकृत, असा साहेबांनी अर्थ लावला.

घर पाडलं तेव्हा मी रजा टाकली नव्हती. टेबलाशी बसून दुसऱ्या गावाचा नकाशा गिरवत होते. संध्याकाळी आले तर तू ओट्याच्या चिऱ्यावर बसला होतास आणि हिरा भांडी गोळा करत होती. “तुजा इलाज नव्हता, बाय,” असं तूच मला म्हणालास. मी मान हलवली. पुढे तू बोलायचा थांबलास तो काही खरं कळलं म्हणून नाही, तुला नुसतं माझं तोंड बघवेनासं झालं म्हणून. मी सगळ्यांना सांगत राहिले की भाऊ उगाच रुसला, मी तर नियमाने वागले.

मी नियमाने वागले नाही. नियमाने वागले असते तर तू आज त्या घरात असतास. मला कुणी बोट दाखवू नये म्हणून मी तुझी भिंत दिली.

माफी मागायला हवी, पण तीही मागितली की तुझ्याच डोक्यावर ओझं, द्यायची की नाही ह्याचं. म्हणून फक्त सांगितलं.

आता मला उत्तराची वाट नाही. खोटं आहे हे. वाट आहे.

बाय


खांदेश्वर, १ डिसेंबर

पंढरी,

काल हरकतींची सुनावणी झाली. बेलापूरला एका शाळेचा हॉल घेतला होता. वर्गातल्या बाकांवर पन्नाससाठ माणसं गुडघे दुमडून बसली होती, भिंतीवर माझा नकाशा. मास्तर एकेक हरकत वाचत आणि मी उभी राहून उत्तर देत होते. पहिल्या पाच सोप्या होत्या. कुणाला आपली सोसायटी पलीकडच्या सेक्टरबरोबर नको, कुणाला उड्डाणपुलाखालची वस्ती आपल्याकडे नको. मी फटाफट निकाल लावले.

सहावं पाकीट पोस्टाने आलेलं. मास्तरांनी ते हातात घेतलं आणि मला लांबूनच कळलं. माझ्याच अक्षरातला पत्ता, मी लावलेलं तिकीट. ऑगस्टात तुला पाठवलेलं पाकीट. पत्ता माझा होता, तो खोडून तू बेलापूरचा घातला होतास.

मास्तरांनी वाचलं. तू लिहिलंस तसंच लिहिते, कारण मी तो कागद मागून घेतलाय.

“आमचा पाडा खाडीपल्याड जोडलाय. खाडीला हितं पूल नाय. होडी बंद झाली. गाडीनं वळसा घालून जायाला सवा तास लागतो. तिकडचा आमदार आमचेकडं कवा येनार? मानसं एक हायेत ते खरा, पन मानसं एक हायेत म्हनून पानी आटत नाय. रेघ खाडीचे मधून काडा. ह्या कडंन नको, त्या कडंन नको, बरोबर मधून.”

खाली लिहिलं होतंस, “घरा इचारली व्हती. एकेचाळीस.”

आणि नात्याच्या रकान्यात, “सख्खी भईन.”

मास्तरांनी कागद खाली ठेवला. त्यांनी माझा फॉर्म काढला, बघितला, पुन्हा तुझा बघितला. मग माईक बाजूला सारून हळू म्हणाले, “बाई, तुमच्या फॉर्मात तर न्हाई म्हणून हाय.”

बत्तीस वर्षांत कुणी माझ्या कागदावर बोट ठेवलं नव्हतं. ह्याच एका गोष्टीला घाबरून मी तुझं घर घालवलं होतं, आणि आता पन्नाससाठ माणसांसमोर ते बोट आलं, तेही मीच सुचवलेल्या रकान्यातून. मी माईक घेतला. म्हटलं, “फॉर्म खोटा आहे. पंढरी घरत माझा सख्खा भाऊ. मी त्याच्यासाठी रेघ वाकवली, त्याला न विचारता. हरकत बरोबर आहे.” पाठीमागून कुणीतरी म्हणालं, ह्यांचा अख्खा नकाशाच रद्द करा. तेही बरोबर होतं.

मास्तर म्हणाले, “आधी बाईंना ही रेघ दुरुस्त करू द्या. समद्यांसमोर. मग बाकीचा नकाशा दुसरा कुनीतरी तपासंल.”

मग मी खुर्चीवर चढले. मास्तरांनी खुर्ची धरली. खोडरबराने ते शेपूट पुसलं. तीन महिने दाबून काढलेलं, सहज जाईना, कागदाला लव सुटली. मग पेन्सिल घेतली आणि खाडीच्या मधून रेघ आणली. सावकाश. तुमच्या काठापासून किती, आमच्या काठापासून किती, पट्टी लावून मोजत मोजत आणली. समुद्रापर्यंत नेली.

एकदा तू मला रेघ ढकल म्हणून सांगितलं होतंस आणि मी ढकलली ती तुझ्या अंगावर. ह्या वेळी तू सांगितलीस तिथेच काढली. तू त्या बाजूला राहिलास, मी ह्या. तुझ्या मनासारखं झालं का, ते मला माहीत नाही. मला घरी येऊन खूप रडू आलं, हेही सांगून टाकते.

बसच्या रांगेत मी तुझा कागद तीनदा उघडला. पाड्याच्या हिताचा विचार करून तू हरकत घेतलीस, ठीक. पण ‘ह्या कडंन नको, त्या कडंन नको’ हे तुला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही. म्हणजे भाऊबीजेचं पत्र तू वाचलंस. आणि घरंही मोजलीस. आणि तो नात्याचा रकाना, पंढरी, तो कोरा सोडला असतास तरी हरकत मंजूर झाली असती.

जेवणाचं टेबल आज मोकळं केलं. नकाशा मास्तरांकडे गेला. जाण्याआधी त्यांनी मला नवा फॉर्म दिला, म्हणाले, रेकॉर्डसाठी. तो टेबलावर ठेवून, खुर्चीत बसून भरला. ‘नाहीत’ खोडलं. पुढे जागा होती तिथे लिहिलं, भाऊ, सख्खा, वाघळीपाडा, खाडीपलीकडे.

ह्या पत्रासोबत पाकीट ठेवलेलं नाही. तुझ्याकडे पत्ता आहे.

तुझी बाय